साहेबांनी दिलेला कान

सोनुन माझी धाकटी जाऊ. निवडणुकीत तिचा पक्ष सलग दुसऱ्यांदा आपटला, तेव्हा आमच्या कोचकोरकडचे झाडून सगळे कार्यकर्ते जिंकलेल्यांकडे पळाले. पक्षाची पाटी उरली ती एकट्या हिच्या फाटकावर. मी म्हटलं, “काढ गं बाई ती, लोक हसतात.”

“हसू देत. आपण का पडलो, ते तरी लोकांना विचारायला नको?”

आणि हिवाळाभर ही बया विचारत फिरली! गुडघाभर बर्फात, दारोदार. कुणी चहा दिला, कुणी फाटकातूनच कटवलं. शेजारचा असानबाय म्हातारा तर खेकसलाच, “दोन्ही वेळा तुमच्या पक्षाच्या साहेबांचा मेहुणा बिश्केकहून आणून उभा केलात. आमचा कालवा कुठे फुटतो हे त्याला ठाऊक तरी आहे का? इथलं माणूस द्या, अख्खी गल्ली मत देईल. सांगशील त्यांना?”

“सांगते, आजोबा,” म्हणून सोनुननं शब्द दिला. मग तोच शब्द आणखी कितीतरी घरी दिला.

वसंतात पक्षाचे तोलोगोन साहेब आले, पक्ष नव्यानं बांधायला. सोबत मेहुणा होताच. सोनुननं घरचा मेंढा कापला. मटण-शेवयांच्या बेशबार्माकची परात आली, रिवाजाप्रमाणे मेंढ्याचं डोकं साहेबांपुढे ठेवलं. हातात चहाची किटली घेऊन सोनुननं असानबायचं म्हणणं सांगितलं, कालव्याचं सांगितलं, सगळं सांगितलं. साहेब भरल्या तोंडानं “हो, हो” करत होते.

मग त्यांनी सुरीनं डोक्याचा एक कान कापला. हा कान घरातल्या पोराटोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. यांनी तो सोनुनपुढे धरला. नातवंडं झालेल्या बाईपुढे!

“घ्या ताई, जरा ऐकायला शिका. उमेदवार आम्ही बघतो,” असं म्हणून मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. “याही वेळी हाच.”

सगळे पाहुणे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किटली त्यांच्या डोक्यावर ओतावी असं वाटलं, खरंच सांगते.

सोनुननं कान घेतला आणि हळूच त्यांच्याच ताटलीत परत ठेवला. “तुम्हीच खा, साहेब. आमच्या घरात सगळ्यांना ऐकू येतं.”

हसणं थांबलं. साहेबांनी घाईघाईनं तोंडावरून हात फिरवून जेवण संपल्याचं ओमिन म्हटलं, की उठले सगळे. रिवाजाप्रमाणे उरलेलं मटण पिशव्यांत बांधून दिलं, तेही मुकाट घेतलं मेल्यांनी. कान तेवढा ताटलीतच राहिला.

गाड्यांची धूळ बसायच्या आत असानबाय काठी टेकत फाटकाशी आला.

“सांगितलंस का गं त्यांना?”

“सांगितलं, आजोबा.”

“मग?”

सोनुन पाटीकडे बघत राहिली. “जेवून गेले,” ती म्हणाली.