छातीतलं पाणी

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "पैलवान, डाव्या छातीत पाणी झालंय."

बारामतीच्या त्या दवाखान्यात मी आणि माझी बायको सुमन अवघडून बसलो होतो. छातीत पाणी कसं होईल, हेच मला कळेना. डॉक्टर म्हणाले, याला 'प्लुरल इफ्यूजन' म्हणतात. फुप्फुसाभोवती पातळ आवरण असतं, त्यात पाणी साठतं आणि फुप्फुस दबतं. कारण बहुतेक टीबी.

सुमन रडायला लागली. मला मात्र, खोटं कशाला सांगू, हलकं वाटलं.

नव्वदनंतरची ती वर्षं. सणसरच्या तालमीत माझं नाव होतं. मग संध्याकाळी कणकण यायला लागली, बरगडीत कळ, कोरडा खोकला. तालमीची माती बाधली असेल म्हणून हळद-दूध पीत राहिलो. तशाच अंगानं इंदापूरकडच्या एका जत्रेत मोठ्या कुस्तीला उतरलो. समोरचा माझ्याहून हलका. त्यानं पाठीवर कब्जा घेतला आणि माझा श्वासच संपला. चितपट झालो.

गर्दीतून आवाज आला, "पैसं खाऊन कुस्ती इकली!"

लहानपणापासून मला घडवणारे वस्ताद तात्या परतताना जीपमध्ये माझ्याकडं पाठ करून बसले. दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारातच म्हणाले, "हितं पाय ठिवू नगंस." ते बरगडीच्या कळेपेक्षा जास्त लागलं. पुढं पुढं मलाच वाटायचं, आपल्यात धमकच नसंल.

म्हणून तो एक्स-रे बघून हलकं वाटलं.

मला भरती केलं. पाठीतून सुई घालून पाणी काढताना डॉक्टर म्हणाले, "खोकू नका, हलू नका." पिवळसर पाण्यानं बाटली भरत गेली आणि कित्येक दिवसांनी श्वास तळापर्यंत गेला.

तेवढ्यात दारात तात्या. माझ्या मेहुण्यानं कळवलं होतं. त्यांनी बाटलीकडं बोट केलं, "ह्ये काय?"

"त्यांच्या छातीतलं," नर्स म्हणाली.

तात्यांनी वाकून बाटली निरखली. "एवढं पाणी घिऊन लडत व्हतास?"

"व्हय, तात्या."

"चुकलो रं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तपासणीत टीबीच निघाला. थुंकीत जंतू नव्हते, म्हणजे माझ्यापासून लागणीची भीती नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पोरीला खुशाल जवळ घ्या." लागण होईल म्हणून सुमननं आमच्या लहान लेकीला भिगवणला आजोळी ठेवलं होतं. ती त्याच आठवड्यात माझ्या मांडीवर आली.

गोळ्यांतली 'रिफॅम्पिसिन' लघवी नारिंगी करते, घाबरू नका. थोड्याच दिवसांत ताप जातो, भूक लागते, आणि माणूस तिथंच गोळ्या सोडतो. तसं करू नका. डॉक्टर बास म्हणेपर्यंत मी एकही चुकवली नाही.

मग तालमीत गेलो. अंग निम्मं राहिलं होतं. जोड लावताना टीबीच्या धास्तीनं कुणी पुढं येईना. सगळे मातीकडं बघत उभे. साठी उलटलेल्या तात्यांनी सदरा काढला, आखाड्यात उतरले आणि माझ्या मानेवर हात टाकला. मी बिचकत धरलं तसे ओरडले, "ताकद लाव की! म्हातारा हाय म्हणून सोडतुस व्हय?"

मी लावली. तात्या मातीत पडले आणि पडल्या पडल्या हसायला लागले. मग एकेक जण लंगोट आवळत पुढं आला. त्या सकाळी मी चौघांशी लढलो, चौघांकडून हरलो, आणि गाणं म्हणत घरी गेलो.