बंदुकीची चौकशी

नव्वद सालानंतर आमच्या संगमनेरकडच्या उसात बिबटे येऊ लागले, तेव्हा मी नगरच्या कचेरीत बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज टाकला. परवाना हातात पडेपर्यंत कुणाशी भांडू नका, पोलिसांत एक तक्रार गेली की अर्ज बाद, असं तिथल्या कारकुनानं बजावलं. मी मूळचा तापट. त्यात शेजारी दर नांगरटीला माझा बांध कोरायचा. दीड वर्ष मी त्या बांधावर नुसत्या येरझाऱ्या घातल्या, दात खाल्ले आणि तो दिसला की हसून रामराम केला. शेवटी हवालदार चौकशीला आला आणि माझ्यादेखत नेमका त्या शेजाऱ्यालाच माझा स्वभाव विचारला.

तो म्हणाला, "लई गरीब मानूस हाय, साहेब. बांध कोरला तरी बोलत न्हाई."