न थांबता अर्धा तास

"मंगळवार, १४ मार्च २०१७. ढगाळ. दवाखान्यात रक्त दिलं. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. शिवाय आतून सूज आहे, डोळ्यांना न दिसणारी. रोज अर्धा तास चालायचं, मध्ये न थांबता. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त."

एवढं लिहून पर्पेटुआबाईंनी वही मिटली. धाकट्या बहिणीचा, कासालिनाचा पाय मधुमेहापायीच गुडघ्याखाली कापावा लागला होता. तिचं उठवणं-बसवणं बाईंकडेच. आपलीही तीच गत झाली तर दोघींचं करणार कोण, हा त्यांचा घोर.

चालणं जड नव्हतं, न थांबणं जड होतं. मसाका गावच्या त्या वाटेवर माणूस भेटलं की रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, केळीची बाग काय म्हणते, हे सगळं झाल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात जेमतेम चार घरं ओलांडून झाली. दुसऱ्या दिवशी त्या नुसता हात हलवून निघाल्या, तर संध्याकाळी शेजारीण नाबोसा दारात हजर.

"काय बाई, आम्ही तुमची कोंबडी चोरली का?"

मग बाईंनी हातात जपमाळ घेतली. प्रार्थना करणाऱ्याला कुणी अडवत नाही. पण नन्सच्या शाळेत वाढलेल्या बाईंना मणी नुसते धरवेनात. खरंच जप सुरू झाला आणि पावलं मंदावली. वर लोक बरोबरीनं चालत कानाशी लागू लागले.

"थांबू नका आजी. जावयाच्या नोकरीसाठी एक नमो मरिया म्हणा, झालं."

"आणि आमच्या गाईसाठी. दूध आटलंय तिचं."

कबूल केलेलं चुकवणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. आता त्या दुप्पट दमून घरी येत.

९ मेला नर्सनं रक्ताचा नवा कागद पाहिला. "सूज थोडी उतरलीय. साखर आहे तिथंच."

"मग आता पुरे?"

"सोडलंत तर पुन्हा चढेल, आजी."

"किती दिवस चालायचं?"

"पाय आहेत तोवर."

परतताना नाबोसा भेटली. बाईंनी खरं काय ते सांगून टाकलं, की जप तुम्हाला चुकवण्यासाठी होता.

"ते का आम्हाला कळत नव्हतं? कासालिनाला रोज बघतो की आम्ही," नाबोसा म्हणाली. "उद्यापासून मी येते. हालहवाल चालता चालताच विचारू."

आणखी एक बोलणारं माणूस, बाईंच्या मनात आलं. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वहीत निकाल उतरवून झाल्यावर त्यांनी खाली लिहिलं: "कासालिनाच्या दोन चादरी धुतल्या. एक अजून ओली आहे."