सुजितच्या वाटणीचा रस्सा

खरं सांगतो, माझा देवावर फारसा भरवसा नव्हता. बायको दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर जायची आणि मी गाडी चालवायला म्हणून जायचो. ती दर्शन घेईपर्यंत कट्ट्यावर बसून तिच्या चपला राखायच्या, एवढीच माझी भक्ती. पण त्या रविवारी मला बसवेना. आमचा एकुलता एक सुजित नायजेरियात, लागोसला नोकरीला, आणि गुरुवारपासून त्याचा फोन बंद. कंपनीला चार दिवस जोडून सुट्टी, दुसरा नंबर जवळ नाही. ही नवस बोलत होती. मी बाहेर खांबाला टेकून नुसता फोनकडे बघत होतो. देवाला काय मागायचं, तेही सुचत नव्हतं.

रात्रीचे नऊ वाजले तरी ही देवळातून उठेना, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दवाखान्याची खाट, सुजितच्या हाताला सलाईन, शेजारी डोक्याला रंगीत कापड बांधलेली एक धिप्पाड बाई.

"आबा, मलेरिया झालाय. पर आता बरा हाय," तो म्हणाला. "ह्या मालकीणबाई नसत्या तर माझं काय खरं नव्हतं."

ती त्याची घरमालकीण. पुढची हकीकत त्यानं दमत दमत सांगितली. त्यांच्याकडं रविवारी चर्चमधून आलं की सगळं घर एकत्र जेवतं. भात आणि टोमॅटो-मिरचीचा लालभडक रस्सा, म्हणजे आपल्या तांबड्या रश्श्याचा भाऊच, वर तळलेली केळी. लेकी, जावई, नातवंडं शहरभरातून येतात आणि भाडेकरूही त्यांच्यातच बसतो. पहिल्याच रविवारी सुजित ताटातलं मटण बघून म्हणाला होता, आज आमच्या जोतिबाचा वार, मला चालत नाही. कोल्हापूरचा गडी आणि मटणाला नको म्हणतो! हे ऐकून तेव्हा मी त्याची चेष्टा केली होती, देवाला तिथलं काय दिसतंय म्हणून. बाईंनी मात्र काही न विचारता, तेव्हापासून त्याच्यासाठी बिनमटणाचा रस्सा छोट्या पातेल्यात वेगळा करायला घेतला.

आज दुपारी सगळी जेवून उठली आणि तेवढं पातेलं तसंच राहिलं. वीस माणसांच्या कालव्यात एक भाडेकरू कमी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पण त्या पातेल्याला दुसरं कोण हात लावणार? बाई तेच घेऊन जिना चढल्या. दार वाजवलं, तर आतून नुसतं कण्हणं. जावयांनी दार फोडून त्याला उचललं. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवला आणि मी चपलांचं भान सोडून आत धावलो. आयुष्यात पहिल्यांदा लोटांगण घातलं, गुलालात माखलो, आवाज बसेपर्यंत चांगभलं म्हणालो. ही रडता रडता हसत होती.

पुढच्या रविवारी सुजित पुन्हा त्यांच्या पंगतीला बसला आणि त्यानं बाईंना फोनवर घेतलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी हात जोडून आभार मानले. त्या काहीतरी बोलून पुन्हा वाढायला लागल्या. काय म्हणाल्या, असं मी सुजितला विचारलं.

"म्हणत्यात, मी काय केलं? रस्सा गार व्हायला लागलाता, म्हणून वर गेलते."

आपण लेकराची काळजी मुठीत आवळून बसतो. सांभाळणारा कुठूनही सांभाळतो, आणि वर उपकारही सांगत नाही.