शिरवळचं बंद दार

नवऱ्यानं बायकोला दारात उभं केल्याच्या गोष्टी गावात लय ऐकल्यात. पण शंभरएक किलोमीटर लांबून, फोनवरनं, परक्याच्या दारात उभं केलं ते फक्त आमच्या ह्यांनी. अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

ह्यांचं नाव आकाराम. औंधच्या अलीकडं आमचं गाव. सैन्यात सिग्नलला हवालदार होते. सहा वर्षांपूर्वी गाडी दरीत गेली आणि कमरेखालचं सगळं गेलं. लष्कराच्या दवाखान्यात वर्षभर पडून होते. शेजारच्या खाटेवर एक सुभेदार होते, त्यांच्याकडनं हे कॉम्प्युटर शिकले. साधा नव्हे, लिनक्सचे सर्व्हर, म्हणजे कंपन्यांची कामं रात्रंदिवस चालवणारी मशीनं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र म्हणून औषधाला नाही. मी म्हणायची, "आवं, ह्यात बघण्यासारखं काय हाय?" तर म्हणायचे, "बघायचं न्हाई क्रांती, राखायचं हाय."

शिरवळला औषधं थंड ठेवायचं एक गोदाम आहे, त्याचं काम ह्यांना मिळालं. खोल्या किती थंड आहेत ते तिथलं मशीन मिनिटामिनिटाला टिपून ठेवतं. हे गावात खाटेवर बसून त्या मशीनमध्ये शिरायचे, कुलपं तपासायचे, कोण आलं कोण गेलं बघायचे. मालक धैर्यशीलराव माणूस सरळ, पण बोलणं रोखठोक. म्हणाले होते, "सहा महिने बघतो. घरबसल्या निभलं तर कायम. एकदा जरी मशीनपाशी माणूस धाडावा लागला, तर मी इथलाच गडी ठेवणार." सोमवारी सहा महिने संपत होते. दहा वाजता धैर्यशीलरावांसमोर फोनवर सगळं काम दाखवायचं होतं. आणि मी सांगतेय ते आदल्या दिवशीचं, रविवारचं.

चार दिवस झाले होते, कुणीतरी त्या मशीनचा पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत होतं. दिवसाला हजारो वेळा. परदेशातनं, कुठनं कुठनं. हे जेवताना सुद्धा पडद्यावरनं नजर काढेनात. शेवटी रविवारी सकाळी ठरवलं, आता दारच असं करायचं की आपल्या घराच्या इंटरनेटचा जो नंबर आहे, तेवढ्यालाच उघडेल. बाकी दुनियेला भिंत. ह्यांची शिस्त अशी की कुलूप बदलताना आधी एक घड्याळ लावायचं. काही चुकलं तर दहा मिनिटांनी जुनं कुलूप आपोआप परत लागतं. तेही लावलं. बदल केला, बाहेर पडून परत आत गेले, उघडलं. म्हणून घड्याळ काढून टाकलं. मला म्हणाले, "चहा टाक."

आणि लाईट गेली.

मिनिटभरच गेली. पण आमच्याकडं इंटरनेटचा डबा बंद पडून चालू झाला की कंपनी घराला नवा नंबर देते. कायमचा नंबर मागितला होता, तो अजून आलेला नव्हता. एरवी डबा बंद पडतच नाही, इन्व्हर्टर आहे. पण इन्व्हर्टर मीच आदल्या दिवशी शेजारच्या रंगुबाईंच्या घरी दिला होता, त्यांच्या लेकीच्या, सृष्टीच्या हळदीला, माईकसाठी. लग्नघरी नाही कसं म्हणायचं? ह्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

पडद्याकडं बघत बसले. तीनदा प्रयत्न केला. मशीन ओळखच देईना. मग म्हणाले, "मीच मला बाहेर काढलं." चेहरा पांढराफटक. मी इन्व्हर्टरचं सांगितलं तर रागावले सुद्धा नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

मी म्हटलं, "मी जाते शिरवळला. तिथल्या मशीनवर बसते, तुमी फोनवर सांगा. कुणाला कळायचं न्हाई." एरवी ह्यांनी ऐकून घेतलं नसतं असलं. पण त्या दिवशी माणूस घाबरला होता. पासवर्ड माझ्याकडनं दहा वेळा पाठ करून घेतला, कागदावर उतरू दिला नाही. रंगुबाईंच्या घरातलं एक माणूस ह्यांच्यापाशी बसवलं, स्कूटीनं सातारा गाठलं आणि तिथनं एसटी. पोटात अन्नाचा कण नाही. सारखं मनात, उद्या दहाला हे काय दाखवणार? ही नोकरी गेली तर खाटेवर पडल्या पडल्या भिंतीकडं तोंड करून जी दोन वर्षं काढली, ती परत सुरू होणार. मला पैशाची नव्हती एवढी त्या भिंतीची भीती होती.

दोनला पोचले. गेटवर पहाऱ्याला गुंडाभाऊ, तेही माजी सैनिक, ह्यांना मानणारे. नाव ऐकताच उठून उभे राहिले. मग जरा घुटमळले आणि भिंतीवरचा कागद दाखवला. मशीनच्या खोलीत मालकांच्या परवानगीशिवाय कुणालाही सोडू नये. माझं नाव सांगून आला तरी सोडू नये. माझ्या घरचं माणूस असलं तरी सोडू नये. खाली सही, आकाराम.

तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

गुंडाभाऊंनी इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणाले, "वैनी, मी पाणी प्यायला जातो. दहा मिनिटं. मी कायबी बघितलं न्हाई." किल्ली टेबलावर ठेवली.

मी किल्ली उचलली सुद्धा. फोन चालूच होता, म्हटलं, "आवं, सोडतायत. आत जाते."

ते म्हणाले, "फोन गुंडाला दे."

दिला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. "गुंडा, सोडू नको तिला."

"साहेब, वैनी हायत वो..."

"म्हणून तर. किल्ली परत घे. मी मालकांना फोन लावतो."

मी फोन हिसकावून घेतला. "डोकं फिरलंय का तुमचं? उद्याच्या दिवसात सगळं मिळतंय नि तुमी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडताय?" ते म्हणाले, "व्हय. चूक माझी हाय, ती झाकायला दार फोडायचं न्हाई." आणि फोन ठेवला.

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. रागानं रडले, खोटं कशाला बोलू.

धैर्यशीलराव वाईहून पाऊण तासात आले. वहीत माझं नाव लिहून घेतलं, सही घेतली, स्वतः खोली उघडली आणि मागं उभे राहिले. घराचा नवा नंबर त्या कुलपात कसा घालायचा ते हे फोनवरनं एकेक अक्षर सांगत होते, मी एका बोटानं दाबत होते. एकदा चुकले, तेव्हा म्हणाले, "घाई न्हाई, पुसून परत लिही." वीस मिनिटांत ह्यांनी घरनं मशीन उघडलं, आणि पहिलं काम काय केलं तर मला पाठ करून दिलेला पासवर्ड बदलला.

घरी आले तरी माझा राग उतरला नव्हता. सोमवारी दहाला फोन वाजला. ह्यांनी काम दाखवलंच नाही. आधी म्हणाले, "साहेब, माणूस धाडावा लागला. तुमची अट मोडली."

धैर्यशीलराव म्हणाले, "मी काल वाईला नसतो, दोन दिवस माझा फोनच लागला नसता, तर काय केलं असतं?"

"तर बायको तशीच परत आली असती साहेब. नि मी तुमाला राजीनामा धाडला असता."

मी चुलीपुढं, पिठाचे हात तसेच धरून.

"आकाराम," ते म्हणाले, "चूक मोठी आहे. घराला कायमचा नंबर मिळेपर्यंत त्या कुलपाला हात लावायचा नाही. तसं लेखी द्या." मग म्हणाले, "आणि गेटवरच्या त्या कागदासारखा अजून एक सही करून द्या, माझ्या दुसऱ्या गोदामालाही लावायचाय. तिथलंही तुम्हीच बघायचंय आता."

ह्यांनी "व्हय साहेब" म्हटलं, फोन खाली ठेवला आणि खाटेवर पाठ ताठ करून बसून राहिले. मला म्हणाले, "क्रांती, भाकरी वाढ. भूक लागलीय." सहा वर्षांत भूक लागली म्हणून त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं.