सुमी सरकत नाही

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मैदानाकडं उघडते, त्याला मी काय करू? भाजी निवडता निवडता कानावर पडतंच. गल्लीत म्हणतात, काकी लय चौकशा करतात. करते! नाहीतर नव्वद सालानंतरचे आमच्या सांगलीतले हे किस्से कुणी जपले असते? डब्यात डबा घालून ठेवावा तसे साठलेत.

*

मैदान कसलं, हळदीच्या गोदामामागची मोकळी जागा. मिलिटरीतून रिटायर झालेले सुभेदार आप्पा तिथं पोरांना क्रिकेट शिकवायचे. फिल्डिंगच्या जागांची इंग्रजी नावं पोरांच्या ध्यानात राहीनात, म्हणून आप्पांनी सोपं केलं. थर्ड मॅन म्हणजे पिठाची गिरणी. डीप मिडविकेट म्हणजे आमची खिडकी!

पुढं तासगावला मॅच होती. आप्पा ओरडले, "बंड्या, गिरणीला जा!" बंड्या पळाला तो दोन ओव्हर दिसलाच नाही. मग धापा टाकत आला.

"कुठं होतास रं?"

"आप्पा, हितली गिरणी लय लांब हाय!"

*

कॅच घेताना हात मागं घ्यायचे, हे पोरांना जमेना. रंगपंचमीला आप्पांनी पाण्याचे फुगे आणले आणि म्हणाले, "झेला, पण फोडू नका." सगळी भिजून चिंब. भिंतीवर बसून सुमी हसत होती. रिक्षावाल्या महादूभाऊंची पोरगी, सातवीतली.

"हसतीस काय? ये, झेल!"

तिनं लागोपाठ झेलले. एकही फुटला नाही. आप्पांनी तिला तिथंच टीममध्ये घेतलं.

*

महादूभाऊ आमच्या दारात येऊन म्हणाले, "खेळू दे. पण एकदा जरी बॉल लागला, तर खेळ बंद. पोरीची जात हाय, काकी."

आणि सुमीनं जागा मागितली कुठली? शॉर्ट लेग! बॅटच्या अगदी तोंडाशी.

मी खिडकीतून ओरडले, "आवं आप्पा, बापानं काय सांगितलंय आणि तुमी काय करताय?"

सुमीच म्हणाली, "काकी, बाकीच्या जागा पोरं हिसकून घेतात. ही कोणी मागत न्हाई."

*

गोदामात हळद पॉलिश करायचं मशीन. मागं पिवळ्या धुळीचा ढीग. बॉल त्यात पडला की पुढच्या बॉलला जिथं लागंल तिथं पिवळा ठसा! बॉल पायाला लागला का बॅटला, ही एलबीडब्ल्यूची भांडणंच मिटली.

एकदा बंड्या आऊट, तरी हटेना. "ही हळद जेवणातली हाय!"

आप्पा म्हणाले, "गुडघ्यानं जेवतोस व्हय रं?"

*

आप्पांनी सुमीला शिकवलं होतं, बॉलकडं नाही, बॅटवाल्याच्या पायाकडं बघ. खाली वाकून राहा. आधी हलू नको.

मिरजेचा एक दांडगा बॅटवाला तिला म्हणाला, "ए, सरक मागं. लागंल."

"तूच सरक की!"

पुढच्या बॉलला तिच्याकडं बघण्याच्या नादात तो खरंच बाजूला सरकला. तिन्ही स्टंप उघडे. मधला उडाला!

*

मग साताऱ्याची टीम आली. पांढरे कपडे, बरोबर गॉगल लावलेले मॅनेजर. खेळ सुरू झाला आणि सुमीला शॉर्ट लेगला बघून ते म्हणाले, "मुलीला तिथून काढा. आमच्या मुलांना मोकळेपणानं मारता येत नाही."

आप्पा म्हणाले, "मग हळू मारा."

तेवढ्यात महादूभाऊंची रिक्षा आली. सुमीला न्यायला आले होते. ते खाली उतरले आणि त्याच वेळी बॅटवाल्यानं बॉल असा हाणला, की माझ्या हातातली मेथी खाली पडली! बॉल सुमीच्या खांद्यावर बसला, वर उडाला आणि ती आडवी पडत पडत झेलून उठली. आऊट!

पोरं नाचायला लागली. सुमी मात्र बापाला डाग दिसू नये म्हणून गुपचूप खांद्यावर माती चोळत होती. पण हळद ती, जाती काय? मघाशीच बॉल धुळीत पडला होता. तिच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टवर पिवळा गोल उठलेला.

महादूभाऊ सरळ मैदानात गेले. "लागलं?"

"न्हाई, पप्पा."

त्यांनी त्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं. सुमीनं ओठ दाबला, पण जागची हलली नाही. संपलं म्हटलं पोरीचं क्रिकेट.

मॅनेजर मागून आलेच. "बघा! आम्ही सांगत होतो. आता तरी हिला मागं सरकवा."

महादूभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं. रिक्षाची किल्ली खिशात टाकली आणि आमच्या पायरीवर येऊन बसले.

"पुढचा कोण हाय तुमचा? पाठवा. ती न्हाई सरकायची."

नवा बॅटवाला आला. गार्ड घेतला.

सुमी अर्धं पाऊल पुढं सरकली.