दोनशे बाराव्या पानावर सोडलेली कादंबरी

सकाळी सातला लॅबचं शटर वर जायचं तेव्हा बाहेर रांग लागलेलीच असायची. सगळी उपाशीपोटी आलेली माणसं. कोणाच्या कपाळावर आठ्या, कोणाचा चेहरा सुईच्या नुसत्या विचारानंच उतरलेला. त्यांचं रक्त घ्यायचं काम ताईंकडे. चोवीस वर्षं हेच चाललं होतं. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची, शीर चाचपायची आणि समोरच्यानं सुईकडे बघू नये म्हणून काहीतरी बोलत राहायचं. बाकीचे लोक हवापाण्याचं बोलतात, ताई कादंबऱ्यांचं बोलायच्या.

डोक्यात दुसरं काही नसायचंच. येताना बसमध्ये वाचायचं, जाताना वाचायचं, भाजी शिजेपर्यंत ओट्याशी उभं राहून वाचायचं. आणि वाचलेलं पोटात ठेवायची सवय नाही.

"परवा एक खुनाची कादंबरी वाचली," पट्टा आवळत त्या म्हणायच्या. "दोन दिवसांनी पोलीस येतात, तर म्हणे फरशीवर लालभडक रक्त. अहो, दोन दिवसांत तपकिरी पडतं ते. खुनी कोण ते मग बघू, आधी या लेखकाला आमच्याकडे पाठवा."

तोवर ट्यूब भरून वर कापूसही लागलेला असायचा. आणखी एका कादंबरीतली नायिका चारशे पानं खिडकीत उभी होती. "एकदासुद्धा जेवली नाही हो बाई. हिमोग्लोबिन किती असेल तिचं?"

घरी वेगळीच तऱ्हा. वाचून झालेली पुस्तकं त्या मागेल त्याला देऊन टाकत. न वाचलेल्यांना मात्र कोणी हात लावायचा नाही. ती पलंगाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या खोक्यात. लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा एकदा सगळी मोजून बसला.

"घरात माणसं दोन आणि न वाचलेली पुस्तकं त्रेसष्ट," तो म्हणाला. "आधी ही संपव, मग नवी आण."

"आणि ही संपली तर मी काय करू?" ताईंनी विचारलं. सुट्टीच्या दिवशी ताई एकेक पुस्तक काढून पुसायच्या, पहिली ओळ वाचायच्या, फळ दाबून बघावं तसं जरा हातात धरायच्या आणि म्हणायच्या, "याला वेळ आहे अजून."

लॅबमध्ये दर पंधरा दिवसांनी एक काका यायचे. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू, म्हणून तपासणी चुकवून चालत नसे. त्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मी कादंबऱ्या वाचत नाही. खोटं असतं सगळं."

"ऐकायला काय हरकत आहे?" ताई म्हणाल्या आणि नुकतीच हाती घेतलेली कादंबरी त्यांनी सुरू केली.

दीपगृहावर दोन बहिणी राहतात. थोरली दिवा सांभाळते, म्हाताऱ्या वडिलांचं सगळं करते. धाकटी बोटीवरच्या एका माणसाबरोबर निघून जाते, ती वडील गेले तरी येत नाही. चार खेपा काकांनी हे ऐकलं. चौथ्या खेपेला तर खुर्चीत बसता बसताच मूठ आवळून म्हणाले, "हं, पुढे?"

पाचव्या खेपेआधी घोटाळा झाला. दोनशे बाराव्या पानावर धाकटी नऊ वर्षांनी येऊन दार वाजवते. थोरली दार उघडते आणि तिला पाय धुवायला गरम पाणी देते. ताईंचं डोकं सणकलं. नऊ वर्षं तोंड दाखवलं नाही आणि वर हिला गरम पाणी! त्यांनी पुस्तक मिटलं आणि पलंगाखाली सारून दिलं. त्रेसष्टाची चौसष्ट झाली.

काका आले. "मग? आली का धाकटी?"

ताईंनी पट्टा आवळला. "आली. पण थोरलीनं दार उघडलं नाही." एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर थांबवेना. धाकटी तशीच बोटीत परत बसली, वादळ झालं, बोट बुडाली. काकांनी कापूस दाबून धरला. "अरेरे," एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढच्या खेपेला त्यांच्या काखेत वाचनालयातलं पुस्तक होतं. खुर्चीत बसले, पण बाही वर केली नाही.

"ताई, बोट कुठं बुडाली?"

काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मी दोनदा वाचलं. वादळ नाही की काही नाही. थोरली दार उघडते."

ताईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. ज्या ट्यूबवर नाव नाही ती त्या सरळ टाकून देत आणि पेशंटला परत बोलवत. अंदाजानं नाव लिहिणं चोवीस वर्षांत एकदाही नाही.

"पुढचं मी वाचलंच नव्हतं, काका. राग आला म्हणून मिटून ठेवलं. तुम्हाला माझ्या मनचं सांगितलं."

काकांनी सावकाश बाही सरकवली. "पंधरा दिवस ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढे बुडत होती," ते म्हणाले. मग मूठ आवळत, "तुम्हाला धाकटी बहीण आहे का?"

"आहे."

"वाटलंच."

त्या रविवारी ताईंनी पुस्तक बाहेर ओढलं आणि एका बैठकीत संपवलं. भाजी करपली. नवऱ्यानं करपलेलीच निमूट खाल्ली, कारण बायकोचे डोळे पुसणं चालू होतं. थोरली धाकटीला म्हणते, पाय धू आणि वर जा, आज दिवा तू लाव. सकाळच्या बोटीनं थोरली स्वतः निघून जाते. नऊ वर्षं ती दीपगृहाची किल्ली हातात द्यायला कोणाची तरी वाट बघत होती.

ताईंनी बहिणीला फोन लावला. तीही एकेकाळी घाईघाईनं लग्न करून गेली होती आणि आई आजारी असताना दोन वर्षं फिरकली नव्हती.

"तू परत आलीस तेव्हा मी दार उघडलं नसतं तर?"

"उघडलंस की," बहीण म्हणाली. "ओरडत ओरडत जेवायलाही वाढलंस."

"तेव्हा घर तुझ्या गळ्यात घालून मी निघून जायला हवं होतं."

"कुठं गेली असतीस?"

"कुठंतरी. पुस्तकं घेऊन."

"मग आता जा. चार दिवस मी येऊन भाऊजींचं बघते. माझी भाजी करपत नाही."

दोघी खूप वेळ हसत राहिल्या. पुढच्या महिन्यात बहीण खरंच आली. ताई कुठं गेल्या मात्र नाहीत. बहीण स्वयंपाकघरात आणि त्या पलंगावर पुस्तक घेऊन पसरलेल्या, असे चार दिवस गेले.

त्याआधीच काकांना त्यांनी शेवट वाचून रडल्याचं सांगून टाकलं होतं.

"रडण्यासारखं आहे खरं," काका म्हणाले. "पण एक चूक आहे. दीपगृह बेटाच्या पूर्वेच्या टोकाला, मागे पश्चिमेला डोंगर, आणि खिडकीतून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. कसा दिसेल?"

हे काही ताईंच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना काकांचं फार कौतुक वाटलं. पुढच्या खेपेला त्या घरून तीन न वाचलेली पुस्तकं घेऊन आल्या. काकांनी तिन्ही हातात तोलली आणि सगळ्यात जाडजूड होतं ते ठेवून घेतलं.

"याला वर्ष लागेल."

"लागू दे. वाचनालयातून माझ्यापुरती दुसरी प्रत मिळते का बघते. पण राग आला तर एकमेकांना सांगायचं. मिटून ठेवायचं नाही."

काकांनी मान डोलावली आणि खिशातून पेन्सिल काढली. रिपोर्टच्या पाकिटावर त्यांनी ठाशीव, सरळ अक्षरात लिहिलं, "पुढच्या खेपेला, पान साठपर्यंत." मागचा माणूस रांगेतून पुढे सरकला तरी काका उठले नव्हते. ते पहिलं पान वाचत होते.